मानस

पेन पडलं. एवढंच.
दोन हजार फुटांवर, नेवऱ्याच्या जरा अलीकडे,
पाच रुपयांचं निळं बॉलपेन
मांडीवरच्या नोंदवहीतून सुटलं
आणि पेडलखाली गेलं.

पेडलखालचं पेन ही गंमत नव्हे.
उतरताना रडर अडकला तर
धावपट्टी बाजूला राहते आणि आपण माडांत.
कॅप्टन सावियो कुलासो बजावायचे,
वस्तू पडली? आधी विमान उडव, सुकांती.
मग वस्तू.

मी वाकले. आठ सेकंद, फार तर दहा.
बोटांना फक्त धूळ लागली.
मान वर केली तेव्हा उजव्या पंखाखाली
आमचं खाजन होतं,
कोरगूट कापून झालेलं, उघडं,
झुआरीची भरती बांधाला टेकलेली,
आणि कोपऱ्यात काडेपेटीएवढी
मानस.

पुस्तकांत मानस म्हणजे मन.
आमच्याकडे ते पाण्याचं दार, लाकडी फळ्यांचं.
भरती त्याला स्वतःच ढकलून बंद करते,
ओहोटी उघडते.
राखणाऱ्याने फक्त जागं राहायचं.

बाबा एका रात्री जागे नव्हते.
किंवा जागे होते आणि दुसरीकडे बघत होते.
फळीत नारळाचं सोडण अडकलं,
चार बोटांची फट राहिली,
सकाळी सगळ्या गावाच्या शेतात खारं पाणी.
पुढची तीन वर्षं हिरवं काही नाही.
कोमुनिदादच्या बैठकीत दंड वाचून दाखवला.
कशाकडे बघत होतास, पुतू,
असं मात्र कुणी विचारलं नाही.

मी मानशी मोजायला लागले.
पहिली. दुसरी, नव्या फळ्यांची.
तिसरीपाशी बांधाच्या आत
पाण्याची एक बारीक जीभ आलेली,
कुर्ल्यांनी पोखरलं असणार.
तिकडे विमानाचं नाक पश्चिमेला सरकत होतं,
सात अंश, मग बारा.
हवेत बांध नसतो.
तो नकाशावर असतो, निळ्या तुटक रेघेचा,
दाबोळीभोवती, नौदलाचा,
आणि नकाशा माझ्या शेजारच्या सीटवर
पालथा पडलेला.

तांगो किलो, कानात बाईचा आवाज,
चिडलेला नाही, म्हणूनच जास्त गार,
आपण कुठे आहात?

तोंडात आलं होतं: घराकडे.

डावीकडे वळा. शून्य नऊ शून्य. लगेच.
वळले.
पेन घरंगळत येऊन बुटाला लागलं,
कुत्र्याने नाक लावावं तसं.

सव्वा मिनिट. नंतर कळलं,
त्या सव्वा मिनिटापायी
एकशे सत्तर माणसांचं विमान
उतरता उतरता समुद्रावर परत पाठवलं.
तेच दीपगृह दुसऱ्यांदा दिसल्यावर
कुणीतरी शेजारच्याला उठवलं असेल.

चौकशीचा फॉर्म चार पानी.
कारण या शब्दापुढे दीड इंच जागा.
लक्ष विचलित, असं लिहिलं आणि खोडलं.
विचलित कुठे होतं?
इतकं एकाग्र तर मी परवान्याच्या परीक्षेतही नव्हते.
सगळं लक्ष एका फळीला लागलं होतं,
बाकी आकाश
उघडं राहिलं.
शेवटी लिहिलं: पेन पडले.
त्याच पेनाने.

कुलासो सरांनी वाचलं. चष्मा काढला.
पेनाचे दहा सेकंद झाले, म्हणाले,
उरलेलं मिनिट?

त्या रात्री मी बाबांना फोन केला.
आधी उकाड्याचं बोललो, मग माशांच्या भावाचं.
मग विचारलंच:
सोडण अडकलं त्या रात्री
तुम्ही कशाकडे बघत होतात?

बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाले,
तू आज आपल्यावरून गेलीस ना?
आवाज ओळखला मी.
तिसरीकडे पाणी आत येतंय का गो?

येतंय.

किती?

वरून चार बोटं, म्हटलं.

फोन तसाच ठेवून
ते बॅटरी शोधायला उठले.